दहाच्या काट्यावरचा उजेड

म्हापशाला, शुक्रवारच्या बाजारामागे,
फार्मसीच्या वरच्या माळ्यावर माझा स्टुडिओ.
पासपोर्ट, बारसं, लग्नं,
आणि गेली चारेक वर्षं नाणी.
नाणं डोळे मिटत नाही, घाई करत नाही,
तरी सगळ्यांत हट्टी गिऱ्हाईक तेच.

समोरून फ्लॅश मारला
की राजा पिठात पडल्यासारखा होतो,
नाक नाही, दाढी नाही, एक पांढरी चकती.
ट्यूबखाली चांदी आजारी हिरवी,
पिवळ्या बल्बखाली सरळ पितळ.
म्हणून काळी मखमल, वरून कॅमेरा,
दिवा घड्याळातल्या दहाच्या जागी,
आणि नाणं गव्हाच्या दाण्याएवढं,
गव्हाच्या दाण्याएवढं फिरवत राहायचं
गाल वर येईपर्यंत.

युफेमिया मास्कारेन्यस हळदोण्याहून आली
लोणच्याच्या बरणीत बापाची नाणी घेऊन.
बाप तारवटी. बसरा, मोंबासा, लिस्बन.
बहुतेक तांबं, हिरवट, झाकण उघडताच
आंबाड्याचा वास.
एकच रुपया चांदीचा, पोर्तुगीज अमदानीतला.
"हो एकूच विकपाचो," ती म्हणाली.
"पाख्याचें काम आसा."

दिवा दहावर : देखणा राजा,
नुकता न्हाव्याकडून आलेला.
दिवा दोनवर :
डोक्याच्या वर, कडेला, तुरीच्या डाळीएवढं काही.
डाख लावलेला,
मग कुणीतरी कानशीनं घासून काढलेला.

ही विद्या मला येते
आणि ती येते हे सांगायला लाज वाटते.
दहावर डाग नाही, दोनवर आहे.
घेणारा पुण्यात बसलेला, नाहीतर पोर्तोत,
त्याच्या हातात नाणं नसतं,
माझं मनगट असतं.

"कसा काढू?" मी विचारलं.
ती चष्मा कपाळावर सारून स्क्रीनला चिकटली.
"हांगा कडी आशिल्ली. मांयच्या गळ्यांत आशिल्लो हो."

मग मी उगाचच
दिवा पार टेबलाला टेकवला.
आडवा उजेड चुगलखोर.
गालावर रेघा, बारीक, शेकड्यानं,
आणि नाक? नाकाच्या जागी गुळगुळीत उतार.
उलटून पाहिलं : मागची ढाल कडक, जशीच्या तशी.
म्हणजे राजा आतल्या बाजूला असायचा.
बाजारात घासाघीस करताना,
तारवाची चिठ्ठी वाचताना,
रोजाराला गुडघे टेकून वाकताना
एवढी वर्षं
राजाचं नाक तिच्या छातीच्या हाडावर झिजत होतं.

"बिचारो," म्हणाली युफेमिया
आणि इतकी हसली
की खालून फार्मसीवाल्यानं काठीनं छत ठोकलं.

तेवढ्यात वीज गेली. म्हापशात जाते.
माझ्या खिडकीचं एक झडप जुनं आहे,
शिंपल्यांच्या तावदानाचं, बाकीची काचेची.
काचेची लावून घेतली, मखमल तिथं सरकवली.
पेजेच्या निवळीसारखा उजेड पडला.
डाख होता तिथंच होता,
रेघा होत्या,
पण कुणावर खटला चालल्यासारखं वाटत नव्हतं.
दोन सेकंदांचं एक्स्पोजर.
मी श्वास धरला, तिनंही धरला, कारण नसताना.

फोटो पाच झाले. तिनं चार नेले :
दहाचा, दोनचा, आडवा, शिंपल्यांचा.
पाचव्यात तिचा अंगठा आला होता मध्येच,
राजाच्या कपाळावर,
नखात हळद.
तो माझ्याकडेच आहे.

कुठला पाठवला, मी विचारलं नाही.
मे संपता संपता हळदोण्याहून जात होतो,
स्कूटर जरा हळू केली.
घराच्या अर्ध्या पाख्यावर नवी कौलं,
अर्ध्यावर निळं प्लास्टिक,
चार दगड ठेवून दाबलेलं.