चुकीचा खाना

गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री आधी म्हशी येतात,
मग आम्ही.
हातात ग्लास, वर बोटभर फेस.
शेजारी पेठेतली पोरं फुटबॉलवरून एकमेकांच्या अंगावर जातात,
आम्ही पाच जण बेसबॉलवरून.
लोक म्हणतात, "ही ती लगोरीवाली मंडळी."

सर्जेराव हारुगले म्हणतो, "बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ रं,
भाऊबंदकीत जमीन न मिळालेला."
त्याचा गुडघा परवाच बदललाय.
खर्च किती आला ते तो सांगत नाही,
नव्या गुडघ्यानं पहिल्या बेसपर्यंत किती सेकंदात पोचेन
ते मात्र रोज सांगतो.

इलाही मोमीन गुळाच्या अडतीत कारकून.
त्याची लाल वही: पहिली चाळीस पानं रव्यांची, सौद्यांची,
एक्केचाळिसाव्यापासून सामने.
धावा. फटके. चुका.
"चुकीला वेगळा खाना असलेला खेळ हाय ह्यो," तो म्हणतो,
"अडतीत चूक झाली की पगारातनं जाती,
घरात झाली की बारा वर्षं ताटात वाढली जाती.
हितं एकदा लिहिली की संपली."

पण संपली कुठं?
पान त्रेसष्ट, सांगलीविरुद्ध मुलींची फायनल,
शेवटचा डाव, दोघी बाद, एका धावेनं आम्ही पुढं.
सरळ टप्प्याचा चेंडू, लहान पोरानंही धरला असता,
शॉर्टस्टॉपच्या पायांमधून गेला.
दोन धावा.
खान्यात मोमीनच्या अक्षरात: मालन खाडे, वडणगे. चूक एक.

चौदा वर्षं आम्ही ते पान चघळतोय.
मी फौंड्रीत साचे करतो, मला माहीत आहे,
वाळूत एक खडा राहिला की सगळं ओतकाम वाया.
म्हणून मी म्हणतो, मैदानात खडा होता.
सर्जेराव म्हणतो, उजेड कमी होता.
बापू मगदूम म्हणतो, पोरगी उपाशी होती, बसनं आलेली.
मग बोलणं सिलिंडरवर जातं,
पंचगंगेच्या पाण्यावर,
बापूच्या जावयावर, जो फोन उचलत नाही,
आणि फिरून त्रेसष्टाव्या पानावर.

परवा एक बाई किटली घेऊन आली.
खाकी साडी, गळ्यात तिकिटाच्या मशीनचा पट्टा,
शेवटची गाडी डेपोत लावून आलेली.
दूध निघेपर्यंत उभी राहिली. ऐकत.
सर्जेराव तावात होता, "अंधार होता ओ, अंधार!
बाळं, त्या पोरीची काय चूक?"

"उजेड लख्ख होता," बाई म्हणाली.

म्हैस शेपटी हलवायची थांबली, असं मला वाटलं.

"खडाबिडा काही नव्हता. खाऊन आले होते, दोन भाकऱ्या.
चेंडू दिसत होता.
पण तेवढ्यात आई दिसली.
कुंपणाजवळ, खुरपं हातातच,
तशीच शेतातनं आलेली.
पोरीनं चड्डी घालून पळायचं नाही म्हणणारी बाई,
पहिल्यांदाच आली होती.
मी तिच्याकडं बघितलं."

कुणी काही बोललं नाही.
सर्जेराव नवा गुडघा चोळत राहिला.
मोमीननं वही काढली, बोटाला थुंकी लावली,
त्रेसष्टावं पान तिच्यासमोर धरलं:
"खोडू का?"

तिनं वाचलं. स्वतःचं नाव चौदा वर्षांनी.
"नको. बरोबर लिहिलंय.
फक्त आडनाव तेवढं... आता पाटोळे."

"तेव्हाचंच राहणार," मोमीन म्हणाला,
आणि कानामागची पेन्सिल काढून
समासात, गुळाच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.
आम्हाला दाखवलं नाही.

किटली भरली. तिनं पैसे दिले,
पाच रुपये सुटे नव्हते, मी दिले.
जाताना वळून विचारलं,
"पिचर कोण होती त्या दिवशी, आठवतंय?
तिनं मला एका शब्दानं बोललं नाही.
तिच्या खान्यात काय लिहिलंय?"

मोमीननं पान पुन्हा उघडलं.
आम्ही चौघं वाकलो.
एवढी वर्षं त्या ओळीकडं
कुणी बघितलंच नव्हतं.