आठवा कंस

रामबागेतल्या आमच्या पतसंस्थेत
थकबाकीचा रिपोर्ट सुरू करायचा
आणि जिना उतरून चहाला जायचं,
कुणाच्या तरी भाचीचं लग्न जुळवून वर यायचं,
तरी पडद्यावर ते चाक फिरतच असायचं.

चारशे बारा ओळींची क्वेरी.
टोकेकरांनी लिहिलेली; एकोणीस वर्षं लिहीतच राहिलेली.
टेबलाला टेबल जोडलेलं, पुढे पुन्हा तेच टेबल
वेगळ्या नावानं,
लग्नात एखादी मावशी दोन्हीकडची निघते तसं.
आणि कंसात कंस, त्याच्या पोटात कंस.

"हात लावू नका, चालतंय ना," सरवटे म्हणाले.
चालत कुठलं? सरपटत होतं.

जिरावणाचे डाग पडलेल्या कीबोर्डावर
मी एकेक कंस उघडत गेले.
पहिल्यात देवासची शाखा, कधीच बंद झालेली.
दुसऱ्यात रुपयांचे पैसे केलेले,
तिसऱ्यात त्या पैशांचे परत रुपये.
चौथ्याचं कारण कुणालाच आठवेना.
पाचवा म्हणे सहाव्याला विचार,
सहावा पाचव्याकडे बोट दाखवी.
सातव्यात नुसती तारीख, उलटी करून सुलटी केलेली.

आठवा म्हणून जरा जपूनच उघडला.
आत एकच अट:
खाते क्रमांक १७३८ सोडून.

सुदामानगरला फोन लावला.
टोकेकरांनी आधी टीव्ही बारीक केला.
"अगं, ती परदेशीपुऱ्याची शेवंताबाई रणसुभे.
कर्ज नवऱ्याचं. मिल बंद पडली, मग तोही गेला.
रिपोर्टात नाव आलं की नोटीस आपोआप छापली जाते,
मशीनला कुठे कळतं
की दीडशे रुपये महिन्याला कुणीतरी भरतंय."

कोण, ते मी विचारलं नाही.
"पण शेजारी एक टीप तरी लिहायची, काका."
"लिहिली असती तर ऑडिटरनं वाचली असती."

नवी क्वेरी एकतीस ओळींची.
सरवट्यांनी चष्मा वर करून
बोटानं तीस ओळी मोजल्या, मग थांबले.
"ही शेवटची कसली?"
"असू द्या," म्हटलं. "ती वाचलीय."

रिपोर्ट आता चार सेकंदांत येतो.
चहाला काही निमित्त उरलं नाही.
तरी उतरते.