कूलरची टाकी

मे महिना. सक्करदऱ्यात नळाचं पाणी जड,
कूलरच्या जाळीवर पांढरे पापुद्रे.
व्हिनेगर ओततो. फसफस.
अन् उरकुडे सर:
"पोट्टेहो, आम्ल पाण्यात टाका,
पाणी आम्लात टाकाल त तोंड पोळन!"

ब्युरेटची तोटी माझ्याकडे,
शंकूपात्र वंदिता हलवत होती.
"आता थेंबानं," ती म्हणाली.
मी तिच्या मनगटाकडं पाहिलं
तेवढ्यात सगळं गुलाबी.
गर्द. नको तितकं.

शेजारचे आकडे उतरवता आले असते.
तिनं आमचेच लिहिले, चुकलेले,
खाली दोघांचीही नावं.

बुडबुडे थांबलेत.
बोट बुडवून जिभेला लावतो:
आंबट गेलंय, खारट म्हणावं तर तेही नाही.
सर असते तर ओरडले असते,
चाखायचं नसतं.

मोटर लावतो.
वाळा काळा होत जातो, वरून खाली.