जिनूचं जहाज

काल रात्री पावणेदोनला
मी तो गेम संपवला.
तीस वर्षं लागली असं म्हणायला बरं वाटतं,
खरं तर मधली सत्तावीस त्याची आठवणही नव्हती.
लेथ, लग्न, कर्ज, मणक्याचं दुखणं,
आणि मग लक्ष्मीपुरीत भंगारवाल्याकडे
चार्जरच्या गुंत्याखाली ती पिवळी कॅसेट.
दीडशे सांगितले, सत्तरला दिली.

घरी आणून फुंकर मारली.
फुंकरीनं काही होत नाही म्हणतात आता,
उलट ओलीनं पट्ट्या गंजतात.
तरी मारली.

उद्यमनगरात, शिकलगारांच्या दुकानात
तासाला चार रुपये पडायचे.
दस्तगीरचाचा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून
घड्याळ बघायचे, आणि वेळ भरली
की सरळ प्लग उपटायचे.
सेव्ह वगैरे काही नव्हतं.
मेलास की पहिल्यापासून,
वीज गेली तरी पहिल्यापासून,
त्यात तुझी चूक असो वा नसो.

सातव्या स्टेजला दोन हलते दगड
आणि मधून वटवाघळं.
उडी अर्धा श्वास उशिरा मारायची.
पाऊण नव्हे, अर्धा.
हे कुठं लिहिलेलं नव्हतं,
जिनू मगदूमच्या अंगठ्यात होतं.

एका सोमवारी, बाजार बंद,
दुकानात आमच्यातलं कुणी नसताना,
त्यानं म्हणे संपवला.
शेवटी काय असतं रे?
जिनूनं उसाचा चोथा थुंकला.
"समुद्र असतोय. मोठं जहाज येतंय.
आपलं जेवढं गडी मेलेलं असत्यात
ते सगळं वर उभं असत्यात, रांगेनं.
आन् तुला बघून हात हलवत्यात."

आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिला नव्हता,
पाणी म्हणजे रंकाळा.
तरी ते जहाज मी दहावीपर्यंत
वहीच्या मागच्या पानावर काढत राहिलो.

न मरता खेळलं तर
सगळा गेम अडतीस मिनिटांचा आहे.
अडतीस.
मी मोजली, आणि मग उठून पाणी प्यायलो.
एवढासा जीव त्याचा,
म्हणून कुणीतरी लांबच्या देशात बसून
जागोजागी आडवं घालून ठेवलं,
आणि आम्ही त्याला केवढं मोठं समजलो.

तेराव्या वर्षी वाटायचं, मीच कच्चा.
आता दिसतं, पाय टेकणार
बरोबर तिथंच तो वैरी उगवतो,
आधी नाही, नंतर नाही.
याला अवघड म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.
बीड कठीण असतं, पण लबाड नसतं,
असं मी पोरांना शिकवतो लेथवर.
(आणि कधी शेवटच्या कटाला
त्याच्याही पोटात पोकळी निघते,
तेव्हा गप्प बसतो.)

"सेव्ह करत जा की पप्पा," अन्विता म्हणाली,
"मोबाईलवर हाच गेम आहे, कुठंबी थांबता येतंय."
मी नको म्हणालो.
का, ते सांगता आलं नाही.
"बरं, मी झोपतो," म्हणून ती गेली.

पावणेदोन. शेवटचा राक्षस फुटला.
काळा पडदा. इंग्रजीत चार ओळी,
अभिनंदनाचं स्पेलिंगच चुकलेलं.
बास.
लगेच पुन्हा पहिली स्टेज, तेच ढग,
वैरी तेवढे जरा जोरात.

म्हणजे जिनू इथवर आलाच नव्हता.

सकाळी जयसिंगपूरला फोन लावला.
टायरचं दुकान आहे त्याचं.
संपवला, म्हणालो.
पलीकडे नुसता कंप्रेसर.
मग त्यानं तो बंद केला.
"आलं जहाज?"

आलं की, म्हणालो.

"आन् गडी?"

रांगेनं. तू सांगितलेलास तसंच.

"तर," जिनू म्हणाला,
"मी काय खोटं बोलतोय व्हय."
आणि गिऱ्हाईक आलंय, ठेव,
असं म्हणून बराच वेळ
फोन ठेवला नाही.