रिकाम्या मॅट्रिक्सचा निश्चयक

रात्रीचे साडेअकरा. खामल्यातल्या भिंती अजून तापलेल्याच.
कूलरची टाकी भरून आले, ओल्या पायांनीच बसले
आणि उघडला तुझा बदल:
एकशे बारा ओळी वाढल्या, नऊ गेल्या,
सोबत निरोप एवढाच, "वेग वाढला आहे. कृपया पाहावे."

मी तुला ओळखत नाही.
फोटोच्या जागी एक त्रिकोण, आडनाव खाकरे की खाकुरे.
पण वेगाचं खरं होतं.
दोनशेच्या मॅट्रिक्सला लागायचा तेवढ्या वेळात
आता पाचशेची सुटते.
मी एकटीच मान हलवली.

मग माझी जुनी खोड:
शून्य आडव्या, शून्य उभ्या देऊन पाहिल्या.
उत्तर आलं शून्य.

चूक, मी लिहिलं.
रिकाम्या मॅट्रिक्सचा निश्चयक एक असतो.
काहीच मिळवलं नाही तर शून्य उरतं,
काहीच गुणलं नाही तर एक.
टेंभुर्णे सरांनी दोन खडू मोडून हे शिकवलं होतं आम्हाला.
खाली जोडलं: पाया न तपासता पाठवत जाऊ नये.
ते वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं. राहू दिलं.

तेवढ्यात लाइट गेली.
खाली चौकीदार कुणाला तरी विचारतो,
"आता काहून गेली बाप्पा?"
बॅटरी एकतीस टक्के, नेट मोबाइलचं,
आणि तुझं उत्तर:
"ती ओळ माझी नाही मॅडम.
मी फक्त वरची खाली आणली."

कोणाची म्हणून शोधलं.
सात वर्षं मागे, मे महिना, रात्री दोन वाजून दहा मिनिटं.
नाव: मंदाकिनी बोरकुटे.
मीच.
शेजारी माझाच शेरा: "रिकामं असेल तर शून्य. उघड आहे."

उघड आहे!
सात वर्षांत कुणी रिकामी दिलीच नसेल,
किंवा दिली असेल, आणि शून्य घेऊन
मुकाट्यानं गेला असेल बिचारा.

तेव्हा बाबा मेडिकलच्या वॉर्डात होते.
मी व्हरांड्यात, लॅपटॉप मांडीवर.
ओळ आठवत नाही.
पंख्याचा खडखडाट आठवतो, नागपूरभर ऐकू जाईल असा.

पायाबद्दलचं वाक्य काढून टाकलं.
लिहिलं: चूक माझी. शून्याच्या जागी एक कर,
आणि एक चाचणी जोड, म्हणजे पुन्हा कुणी
(कुणी म्हणजे मी)

तू चार मिनिटांत पाठवलंस.
हिरवी खूण उमटली,
मी "स्वीकारलं" दाबलं,
आणि बऱ्याच वेळानं कूलर सुरू झाला.
पहिला झोत गरमच असतो.