दीड बोट पांढरं

पुस्तक आलं ते गुरुवारीच.
आठ वर्षं दर गुरुवारी रात्री दहाला
आई फोन नाकाशी धरून
'तिसरा मजला, डावीकडे' वाचायची,
अंगठ्यानं पडदा वर सारत, वर सारत,
विहिरीतून दोर ओढावा तशी.

मग काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या,
मग हळूहळू मधलंही.
मोक्पोच्या धक्क्याला लागलेल्या बोटी
ती आता भोंग्यांवरून ओळखते.

म्हणून मी वाचते.
बेटांवर जाणाऱ्या लाँचच्या तिकीटखिडकीशी
दिवसभर "पुढचे कोण?" ओरडून बसलेला घसा
भाजलेल्या जवाच्या चहानं शेकून.
गरम जमिनीवर आम्ही दोघी,
मध्ये सोललेल्या संत्र्यांची सालं.

पान चौदा. सोल-बी मोजे वाळत घालते.
"मग?"
मग काही नाही. सहा मोजे आहेत.
"म्हणजे तीन जोड."
मी नीट बघते. नाही गं, सहाही वेगवेगळे.
आई हसते, कवळी काढून ठेवलेल्या तोंडानं:
"बघ, एवढी वर्षं मला दिसलंच नाही."

खरं सांगू, मला कंटाळा येतो.
बाई भात लावते. बाई जिना उतरते.
घरमालकिणीचा फ्रीज रात्रभर गुरगुरतो.
खून नाही, लग्न नाही,
लहानपणी हरवलेला भाऊ नाही.
एक अख्खा भाग ती कोटाचं बटण शोधते
आणि ते सापडत नाही.
पुढच्या भागात सापडेल म्हणून मी पान उलटलं,
तर ती कांद्याची पात निवडत बसलेली,
कोट तसाच, उघडा.

"यात घडतं काय, आई?"
"घडून घडून दमलेय मी.
तू वाच."

शब्द असले की सोपं असतं.
नसले की मला चौकट उचलून
तिच्या हातात ठेवावी लागते:
खिडकी. खिडकीत कुंडी. कुंडीत
काहीतरी, मिरची असावी.
"मिरचीच. मे महिन्यात लावली होती तिनं."

आणि मग ते पान आलं.
सोल-बीला गावाहून फोन येतो. वडील.
ती "हो" म्हणते. परत "हो" म्हणते.

"आता पांढरं येईल," आई म्हणाली.
"फोनवर मी सरकवत राहिले, सरकवत राहिले,
चित्र नाही, अक्षर नाही.
मला वाटलं, नेट गेलं.
तुझे बाबा गेले त्या रात्री
दवाखान्याच्या जिन्यात असंच झालं होतं,
मजलेच संपेनात.
मग एकदम तळाशी एवढीशी मोरी,
आणि तिच्यात ही भांडी घासतेय.
पुस्तकात किती ठेवलंय गं ते?"

मी बोट लावून पाहिलं.
दीड बोट.
कागद महाग झालाय, त्यांचाही नाइलाज असेल.
पण हे तिला कसं सांगायचं?

मी गप्प बसले.
सालं गोळा केली. वाटीत टाकली.
खाली मिन-ग्यूनं खानावळीचं शटर ओढलं,
अर्ध्यावर अडकलं, त्यानं शिवी घातली, परत ओढलं.
धक्क्यावर शेवटची लाँच लागली
आणि कोणीतरी दोराला "अजून, अजून" म्हणत होतं.
आईचा अंगठा
चादरीवर सरकत होता. वर. वर.
मी त्याच्याकडे बघत राहिले.
तो थांबेपर्यंत बोलले नाही.

"भांडी घासतेय," मी म्हटलं.

"हं." खूप वेळानं.
"हातमोजे घातलेत का तिनं?"
"घातलेत. गुलाबी."
पुस्तक काळ्या शाईचं आहे, आतून बाहेरून.
"फोनवर पिवळे होते."

"थांब," मी म्हटलं,
पान दिव्याजवळ नेत,
"परत बघते."