सरासरी

पाचवा तास गणिताचा, सातवीचा वर्ग.
नव्या बोरिंगच्या खुणेपर्यंत किती पावलं
ते पोरांनीच मोजून आणलेलं:
चाळीस, साठ, तीस, पन्नास, सत्तर,
आणि पोडावरून साडेनऊशे.
बेरीज बाराशे, भागिले सहा.
"दोनशे!" अंकुश भोयर उभं राहायच्या आधीच ओरडला.
मी बरोबरची खूण केली.

निर्गुणा टेकाम हजेरीपुरती बोलते.
आज म्हणाली,
"सर, दोनशे पावलं कोन चालते?"

खडू तसाच बोटांत.
फळ्यावर सहा आकडे होते
आणि सातवा, ज्याच्या घरी कोणीच राहत नाही.

घंटा झाली. प्रश्न काही बाहेर गेला नाही.
काळबांडे मॅडमनी व्याकरणात घेतला:
'गावाला पाणी मिळाले.' विभक्ती कोणती?
चतुर्थी, वर्ग एका सुरात.
मग या 'ला'मध्ये पोड येते का?
सूर फुटला.
कोणी म्हणालं येते, कोणी म्हणालं उन्हाळ्यात नाही येत.

विज्ञानाच्या तासाला खिडकीत दोन पेले,
एक नाल्याचं पाणी, एक जुन्या बोरिंगचं.
गाळ बसेस्तोवर कोणी मत द्यायचं नाही, असं ठरलं.
शबनूर तरी कुजबुजलीच.

शेवटी भांडण माझ्याकडेच परत आलं.
अंकुश लाल झालेला:
"माही माय सत्तर पावलात दोनदा बसते, सर.
गुडघे हायेत तिचे. ते कुठी मांडाचे?"
मला उत्तर येत नव्हतं.
एवढंच म्हणालो, आधी समोरच्याचं सांगा,
त्यानं मान हलवली, की मग आपलं.

निर्गुणानं गुडघे सांगितले,
दोन्ही बसण्यांसकट, मधला बाभळीचा दगडही.
अंकुशनं मान हलवली.
मग त्याची पाळी.
पोड, नाला, चढ, डोक्यावर गुंड...
तिथं अडकला. बोटं मोडत राहिला.
"सर, आपन जानं मोजलं.
येनं मोजलंच नाई.
भरल्या गुंडानं."

कोणी हसलं नाही.
बोरिंग कुठं, ते त्या दिवशी ठरलं नाही.

शनिवारी केंद्राची बैठक.
साहेबांनी वाचलं: तालुक्याची सरासरी उपस्थिती ब्याण्णव टक्के.
टाळ्या. चहा आला.
ब्याण्णव टक्के कोण येतं शाळेत?
माझा हात टेबलावरून
कपाएवढा वर गेला,
आणि साहेबांनी पान उलटलं.